ओळखीची दुसरी खूण

मी मुद्दाम पडले. गिरणीच्या दुसऱ्या पायरीवरून, उजव्या गुडघ्यावर. पडण्याआधी मान वळवून एकदा खात्रीही करून घेतली, की काका इकडेच बघतायत. बघत होते. पट्ट्यापाशी उभे राहून त्यांनी खाली येणारं पीठ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरलं होतं, जाड आहे की बारीक ते पाहायला. पडल्या पडल्या मी रडले नाही. आधी काय होतं ते बघायचं होतं. रडायला काय, नंतरही वेळ होता.

काकांच्या चिमटीतलं पीठ सांडलं. ते एक पाऊल पुढे आले, वाकलेसुद्धा. मग त्यांची नजर समोरच्या ओट्याकडे गेली. ओट्यावर लाकडी खुर्चीत माझे आजोबा बसले होते. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. वाकलेले काका सरळ झाले.

“अगं, कोण हाय का आत? पोरगी पडली बघा!” घराच्या दाराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली आणि पुन्हा पिठाकडे वळले.

आतून काकू पदराला हात पुसत धावत आली. तिने मला उचललं, आत नेलं आणि गुडघ्यावर हळद दाबली.

“पाय हायत का काय हायत गं तुझे? आठ दिवसांत चौथ्यांदा पडलीस.”

चौथ्यांदा नाही, पाचव्यांदा. एकदाचं तिने बघितलं नव्हतं.

इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. ज्यांना मी काका म्हणत होते ते माझे सख्खे वडील, आणि काकू माझी आई. आमच्या घरात पहिलं मूल जी हाक मारेल तीच मागून येणाऱ्या सगळ्यांच्या तोंडी बसायची. पहिलं मूल म्हणजे माझा चुलतभाऊ मन्मथ. तो माझ्या वडिलांना काका म्हणायचा, म्हणून मीही काका म्हणू लागले. त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, सगळं घरदार दादा म्हणायचं, म्हणून आम्ही दोघंही दादा म्हणायचो. असे घरात एक दादा होते आणि एक काका होते. बाबा कोणीच नव्हतं.

हे मी आज सांगते आहे. तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि माझा बाप कोण, हाच तर माझा तपास होता. पुढे मी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. दोनदा तपासल्याशिवाय मी कुठल्याच कागदावर सही करत नसे आणि बरोबरचे लोक वैतागायचे. ही खोड तेव्हापासूनची आहे.

साल १९७३, गाव बार्शी. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं आणि आमच्या पिठाच्या गिरणीत रेशनची लाल मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली ज्वारी, दळायला बायकांची रांग लागलेली असायची. गिरणीला लागूनच लाडलेसाब पिंजाऱ्याचं दुकान होतं. त्याची मुलगी जैबून माझ्याच वयाची. कापूस पिंजून झाला की लाडलेसाब तिला दोन्ही हातांनी वर उचलायचा आणि कापसाच्या ढिगात फेकायचा. ती किंचाळायची, अंगभर कापूस घेऊन उठायची आणि पुन्हा त्याच्यापुढे हात वर करून उभी राहायची. मी दाराच्या फळीवर बसून बघत असायचे.

“तुला न्हाई का फेकत तुझे अब्बा?” एकदा तिने विचारलं.

“आमच्यात कापूस नसतो.”

“मग खांद्यावर तरी घेत असतील की.”

“कोण?”

“तुझे अब्बा!”

“माझे अब्बा कोण?” मी विचारलं.

जैबून हसेल असं मला वाटलं होतं. पण तिने नाक खाजवत नीट विचार केला.

“तुला उचलून कोण घेतं?” ती म्हणाली. “तेच.”

मला हे पटलं. सोपं होतं आणि तपासून बघता येण्यासारखं होतं.

मला उचलून घेणारे दादा होते. आठवडी बाजारात ते मला खांद्यावर बसवून न्यायचे आणि रेवड्या घेऊन द्यायचे. जेवताना आप्पांच्या पंगतीत मला मांडीवर घेऊन आपल्या ताटातली भाकरी भरवायचे. काका मात्र मन्मथला घ्यायचे. नऊ वर्षांचं ते लांबलचक पोर त्यांच्या खांद्यावर बसून, गिरणीच्या वरच्या डब्यात धान्य कसं खाली सरकतं ते बघायचं. मी जवळ गेले की काका म्हणायचे, “आत जा, पीठ लागंल.” पीठ मन्मथलाही लागतच होतं.

मन्मथ शाळेत जायचा आणि स्वतःचं नाव खड्या आवाजात सांगायचा, मन्मथ बसवराज उंबरजे. बसवराज म्हणजे दादा, एवढं मला ठाऊक होतं, कारण दळायला येणारे लोक त्यांना बसवराजशेठ म्हणायचे. म्हणजे मन्मथ दादांचा. मग दादा त्याला का घेत नव्हते? यावर मी बराच विचार केला आणि मन्मथ फार खोड्या करतो म्हणून, असं ठरवून टाकलं. तपासात असं एखादं टोक लोंबकळत राहतं, ते मी तेव्हा दुमडून आत घातलं.

आणि खरं सांगायचं तर मला दादा नकोच होते. दादा चांगले होते, लाड करायचे, पण गडगडाटी हसायचे आणि त्यांच्या मिशा गालाला टोचायच्या. मला काका हवे होते. काका हळू बोलायचे. त्यांच्या अंगाला गरम पिठाचा वास यायचा. एकदा पोत्याआड बसून मी ऐकलं, ते मन्मथला पीठ कसं ओळखायचं ते शिकवत होते. “डोळ्यानं बघू नको. बोटाला विचार, बोट सांगतं,” असं म्हणत त्यांनी त्याच्या चिमटीत पीठ घातलं होतं. पोत्याआड मीही माझी बोटं एकमेकांवर घासून बघितली. त्या दिवशी मला मन्मथचा इतका राग आला की मी त्याची गोटी विहिरीत टाकली.

म्हणून मी काकांना संधी देत होते. पाच वेळा पडले. पाचही वेळा ते वाकले, थांबले आणि आतल्या बाईमाणसांना हाक मारून मोकळे झाले. मधे एकदा मन्मथ खरोखरच पडला, पट्ट्याशेजारी, कोपरावर. काकांनी पळत जाऊन त्याला दोन्ही हातांनी उचललं, कोपरावर फुंकर घातली आणि तो गप्प होईपर्यंत कडेवर घेऊन फिरले. तेव्हाही आप्पा खुर्चीतच होते. मी हे सगळं बघितलं आणि घरात जाऊन पांघरुणांच्या वळकटीत तोंड घालून रडले. ते रडणं मुद्दामचं नव्हतं.

शेवटी काकूला विचारायचं ठरवलं. ती सुपात मिलो निवडत बसली होती.

“काकू, माझ्या वडलांचं नाव काय?”

तिचा हात थांबला. “हे काय नवीन काढलंस?”

“शाळेत विचारतात. मन्मथ म्हणाला.”

“आप्पा सांगतील की मास्तरला.”

“तू सांग.”

“अगं बाई, मी कसं नाव घेऊ?”

“कुणाचं?”

“ह्यांचं!”

“हे म्हणजे कोण?”

काकूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते बघितलं आणि हनुवटीने अंगणाकडे खूण केली. “ते काय, तिथं उभे हायत. जा आता, खडे राहतील माझ्याकडनं.”

मी अंगणात बघितलं. लिंबाच्या झाडाखाली दादा आणि काका गिरणीचा दगड उचलून ठेवत होते. दादा पुढे होते, छाती काढून. काका त्यांच्या मागे दगडाला हात लावून इतके वाकले होते, की त्यांचा नुसता टॉवेल दिसत होता.

“बरं,” मी म्हणाले. आणखी काय विचारायचं?

एक गोष्ट मात्र कशातच बसत नव्हती. आमच्या भागात बुधवारी दिवसभर वीज नसायची, त्यामुळे गिरणी बंद. आप्पा दुपारी मठात पुराण ऐकायला जात आणि दादा पेठेत धान्य बघायला. त्या दिवशी काकू मला लवकर जेवू घालून झोपवायची. इतर दिवशी मी दुपारभर उंडारले तरी तिचं काही म्हणणं नसे, पण बुधवारी उठून बसले की, “झोप मुकाट्यानं!” म्हणून दटावायची. आणि बुधवारी जाग आली की माझ्या उशीवर पीठ असायचं. नेहमी उजव्या अंगाला. कधी केसांवर, कधी कानाच्या पाळीवर.

“माझेच हात लागले असतील, भाकरीचे,” काकू म्हणाली.

मी उशीवरचं पीठ बोटाला लावून जिभेवर ठेवलं. दाताखाली कचकचलं. काकूच्या पिठात कचकच कधी नसायची, तशी असती तर आप्पांनी ताट सरकवलं असतं. म्हणजे काकू खोटं बोलत होती. का, ते काही केल्या कळेना. ते कोडं मी तसंच बाजूला ठेवलं.

जून उजाडला आणि आप्पा मला शाळेत घालायला घेऊन गेले. नवा फ्रॉक होता, तेल लावून घट्ट वेण्या घातल्या होत्या. आप्पांच्या एका हातात काठी होती, दुसऱ्या हातात माझा हात. हेडमास्तर खडके त्यांच्या ओळखीचे. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली आणि मला समोर उभं केलं.

“उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर बघू.”

तेव्हा सहा वर्षं पुरी झाली का ते असंच बघत. माझी बोटं कानाच्या अलीकडेच थांबत होती. मी मान जराशी वाकडी केली आणि कान धरला. मास्तरांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं आणि मोठं रजिस्टर उघडलं.

“नाव?”

“शिवगंगा.”

“पूर्ण सांगायचं. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव.”

मी हात मागे बांधले आणि मन्मथसारखाच आवाज काढला.

“शिवगंगा बसवराज उंबरजे.”

मास्तरांचा पेन कागदावर टेकला. आप्पा खुर्चीत हलले.

“ओ मास्तर, थांबा थांबा. सिद्धाराम लिवा. शिदूची पोरगी ही. बसू माझा थोरला.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “गंगव्वा, घाबरलीस व्हय? तुझा बाप सिद्धाराम. काका.”

“न्हाई आप्पा,” मी म्हटलं. “काका न्हाईत. मी बघितलंय.”

“काय बघितलंस?”

एवढे दिवस मला कोणी विचारलंच नव्हतं. मग मी सगळं सांगितलं. जैबूनने काय सांगितलं ते, मी किती वेळा पडले ते, एकदाही काकांनी मला उचललं नाही आणि मन्मथला मात्र लगेच उचललं ते. दादा बाजारात खांद्यावर घेतात, ताटातलं भरवतात. काका म्हणतात आत जा. काकू नाव सांगत नाही, पण तिने हनुवटीने दादा दाखवले. सांगता सांगता मला धाप लागली.

“आणि हे खोटं न्हाई,” मी मास्तरांना म्हणाले. “आप्पांना विचारा. दर टायमाला आप्पा खुर्चीत होते. त्यांनी सगळं बघितलंय.”

मास्तर हसायला लागले होते. आप्पांकडे बघितल्यावर ते हसायचे थांबले. आप्पा काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून जमिनीकडे बघत होते.

आमच्या घरात वडीलधाऱ्यांच्या देखत आपलं स्वतःचं मूल घ्यायचं नसतं, त्याचे लाड करायचे नसतात, हे मला कोणीच सांगितलेलं नव्हतं. सांगायचं कशाला? ते सगळ्यांना ठाऊकच असतं. भावाचं घ्यावं, शेजाऱ्याचं घ्यावं, आपल्या पोराकडे बघूही नये. म्हणून दादा मला घेत होते आणि काका मन्मथला. दोघेही आप्पांच्या समोर बसून रीत पाळत होते. त्या खोलीतल्या दोन मोठ्या माणसांना हे कळलं, मला नाही.

“आप्पा,” मास्तर जरा वेळाने म्हणाले, “जन्माचा दाखला आहे का?”

“दाखला कुठला? घरीच झाली ही. मी सांगतोय की.”

“तुम्ही सांगता ते खरंच आहे. पण मुलगी स्वतः नाही म्हणते आहे. तसंही सही वडिलांचीच लागते. बोलावून घेऊ त्यांना.”

शिपाई गिरणीवर गेला. तोवर मी भिंतीवरचा नकाशा बघत होते आणि मनात म्हणत होते, आता काका काय म्हणतात ते बघू. त्यांनी नाही म्हटलं असतं तर काय करायचं, हे मी ठरवलं नव्हतं.

काका तसेच आले, पायजमा आणि बंडी, पापण्यांपर्यंत पीठ. दाराबाहेर चपला काढून आत आले आणि आप्पांना बघून भिंतीला लागून उभे राहिले. मास्तरांनी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“ही मुलगी तुमची?”

काकांनी आधी आप्पांकडे बघितलं. आप्पा वर बघत नव्हते.

“हो,” काका म्हणाले.

“ती म्हणते, नाही.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. घरात आप्पा असताना त्यांनी माझ्याकडे असं सरळ कधी बघितलेलं मला आठवत नव्हतं. मग ते आपले हात बघायला लागले, उलटे, सुलटे. मला एकदम वाटलं की मी काहीतरी फार वाईट केलंय. पण काय केलंय ते कळत नव्हतं.

मास्तर भला माणूस होता. त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि विषय बदलला.

“नाव लिहितो मी नंतर. आधी बाकीचे रकाने भरू. अंगावरच्या ओळखीच्या खुणा. दोन लागतात.”

“कपाळावर व्रण हाय,” आप्पा लगेच म्हणाले. त्यांना बोलायला काहीतरी मिळालं होतं. “देवळाच्या पायरीवर आपटली होती.”

“कपाळावर व्रण. एक झाली. दुसरी?”

आप्पांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मी त्यांच्यासाठी एकदा गोल फिरलेही. मग त्यांनी माझा हात उलटून बघितला, फ्रॉकची बाही वर केली. “तीळबीळ असंल की कुठंतरी,” ते म्हणाले. नव्हता.

“तुम्हाला काही ठाऊक आहे का?” मास्तरांनी काकांना विचारलं, विचारायचं म्हणून.

बाहेर पहिलीची पोरं पाढे म्हणत होती. काकांनी पुन्हा एकदा आप्पांकडे बघितलं, आणि मग खिडकीकडे बघत म्हणाले,

“उजव्या कानामागं गाठ हाय. बारकी, ज्वारीच्या दाण्याएवढी.”

मास्तरांनी मला जवळ बोलावलं, वेणी बाजूला केली, चष्मा वर सरकवला.

“इथे तर काही दिसत नाही.”

“दिसत न्हाई ती,” काका म्हणाले. “हाताला लागती. केसांच्या कडेला, हाडाच्या वर. जरा दाबून बघा.”

मास्तरांचं बोट माझ्या कानामागे फिरलं आणि एका जागी थांबलं.

“आहे हो,” ते म्हणाले.

मी झटकन माझं बोट तिथे नेलं. होती. कडक, गोल, बोटाखाली जराशी सरकणारी. सहा वर्षं ती गाठ माझ्या डोक्यावर होती आणि मला तिचा पत्ताच नव्हता. आप्पांना नव्हता. दादांनाही नसणार. मी बोट काढेचना. पुन्हा पुन्हा दाबून बघत राहिले.

“शिदू,” आप्पा म्हणाले. “तुला कसं कळलं हे?”

चोरी पकडल्यासारखे काका कानापर्यंत लाल झाले. पिठातूनही ते दिसत होतं.

“बुधवारी वीज नसती,” ते म्हणाले. “तुम्ही मठात असता. मी दगडाला टाकी लावत बसलेला असतो. ही आत झोपलेली असती दुपारची.”

एवढंच बोलून ते थांबले. पण मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. गिरणीच्या दगडाला छिन्नीने टाकी लावली, की त्याची भुकटी उडते आणि हाताच्या पिठात मिसळते. ती दाताखाली कचकचते. काकूचं बुधवारचं दटावणं, उशीची उजवी बाजू, सगळं एका दमात जागेवर बसलं. मला इतका आनंद झाला, की मी त्या खोलीत ओरडणारच होते.

“कवापासनं?” आप्पांनी विचारलं.

“चार महिन्यांची होती तवापासनं.”

आप्पांनी मान हलवली.

मास्तरांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. “बोल बाळ. काय लिहू?”

“सिद्धाराम,” मी म्हणाले. मी हे इतक्या मोठ्याने म्हटलं की दारातला शिपाई आत डोकावला.

काकांनी सही केली. शाळेच्या फाटकातून आम्ही तिघं बाहेर पडलो. येताना आप्पांनी माझा हात धरला होता, जाताना धरला नाही. काठी टेकत ते एकटेच पुढे निघाले. त्यांना इतकं भराभर चालताना मी कधी बघितलं नव्हतं. बघता बघता ते तालमीच्या कोपऱ्याशी पोचले. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

मी आणि काका मागे राहिलो.

“काका, ती गाठ कशाची हाय?”

“म्हाईत न्हाई. पहिल्यापासनं हाय.” मग त्यांनी घाबरून विचारलं, “दुखती का?”

“मला म्हाईतच नव्हती.”

काका हसले, आवाज न करता. रस्त्यात दोन्ही बाजूंना कोणी नाही असं बघून ते खाली वाकले आणि त्यांनी मला उचललं. उचललं म्हणजे काय, दळणाचा डबा धरतात तसं कमरेला दोन्ही हातांनी धरून छातीशी लावलं. मन्मथला कडेवर घेणारे ते हात माझ्यापाशी गोंधळले, मी जागी असताना त्यांनी मला कधी घेतलंच नव्हतं. माझे पाय लोंबत होते, फ्रॉक वर सरकला होता, बरगड्यांना त्यांची बोटं रुतत होती. तक्रार केली तर खाली ठेवतील म्हणून मी श्वास धरून गप्प राहिले.

आप्पा कोपऱ्यावर थांबले होते, आमच्याकडे पाठ करून. काकांची चाल मंदावली. त्यांची छाती धडधडत होती आणि ते मला ऐकू येत होतं. आता खाली ठेवणार, मी मनात म्हटलं. पानपट्टीपाशी ठेवतील. पानपट्टी आली. काकांनी मला खाली ठेवलं नाही. आणखी दहा पावलं चालून ते आप्पांच्या मागे जाऊन उभे राहिले, मला तसंच धरून.

आप्पा वळले. त्यांनी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खाली लोंबणाऱ्या माझ्या पायांकडे.

“असं धरत्यात व्हय लेकरू?”

काकांनी हात सैल केले नाहीत.

आप्पांनी काठी बगलेत मारली. पुढे येऊन त्यांनी काकांचा डावा हात मनगटाला धरला आणि माझ्या मांड्यांखाली सरकवला. मग काकांच्या कोपराखाली आपला तळवा लावून ते वर उचललं. मी नीट कडेवर बसले.

“हां. असं,” आप्पा म्हणाले. “आता पडायची न्हाई.”

तळवा त्यांनी लगेच काढला नाही. पानपट्टीवाला बघत होता, तरी काढला नाही. मग काठी हातात घेतली आणि घराकडे चालू लागले. आम्ही त्यांच्या मागोमाग गेलो.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत, माझ्याकडेच असतात. मागच्या वर्षी मी त्यांना विचारलं, तो शाळेचा दिवस आठवतो का? मला वाटलं होतं, त्यांनी मला पहिल्यांदा उचललं त्याबद्दल ते काहीतरी बोलतील. तेच ऐकायला तर मी विचारलं होतं.

“आठवतो की,” ते म्हणाले. उजव्या हाताने त्यांनी आपलं डावं कोपर खालून धरलं. “आप्पांनी हात लावला होता मला. तेवढाच एकदा.”